आजीची नऊ, आईची दोन

गेल्या सत्रात बी. ए. च्या वर्गाला मी एक साधे काम दिले होते. आजीला किती अपत्ये झाली आणि आईला किती, एवढेच प्रत्येकाने घरी विचारून लिहून आणावे. आजीचा आकडा बहुतेक वह्यांत सहा ते नऊ निघाला, आईचा दोन किंवा तीन. माझ्या स्वतःच्या आजीची बाळंतपणे नऊ. त्यांतली पाच मुले जगली.

हा उतार साऱ्या देशाचा आहे, पण तो सगळीकडे एकाच वेळी आलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत (१९९२-९३) भारतात दर स्त्रीमागे सरासरी ३.४ अपत्ये होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती २.० वर आली. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढायची, तर सुमारे २.१ लागतात. गोवा पहिल्या फेरीतच १.९ वर होता आणि केरळ २.० वर, तेव्हा उत्तर प्रदेश ४.८ वर होता. बिहारचा आकडा १९९२-९३ मध्ये ४.० आणि २००५-०६ मध्येही ४.०! पाचव्या फेरीत बिहार ३.०, गोवा १.३, तर महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही १.७. (सीमेच्या दोन्ही बाजूंचे निदान या एका बाबतीत एकमत दिसते.)

असे का, या प्रश्नाचे परीक्षेतले उत्तर ठरलेले आहे: स्त्रीशिक्षण. २०११ च्या जनगणनेत केरळात स्त्रीसाक्षरता सुमारे ९२ टक्के होती, बिहारात सुमारे ५१. शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, तिची मुले जगतात, म्हणून ती जास्त मुलांची आस धरीत नाही. मीही वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो, आणि ते खोटे नाही. पण अपुरे आहे. अविभक्त आंध्र प्रदेशात २०११ मध्येही स्त्रीसाक्षरता साठ टक्क्यांच्या आतच होती. तरी २००५-०६ मध्येच तेथील अपत्यसंख्या १.८ झाली होती. पश्चिम बंगालचे उदाहरण तर अधिकच कोड्यात टाकणारे. पाचव्या फेरीत तेथील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४१.६ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. हे प्रमाण बिहारपेक्षाही (४०.८) किंचित जास्त, पण अपत्ये मात्र १.६.

आंध्रातला मार्ग असा: लग्न लवकर, दोन मुले लागोपाठ, आणि मग शस्त्रक्रिया. तेथे विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. साऱ्या देशात पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के! र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी केंद्र उघडले. एवढ्या काळानंतरही भार कोणाच्या अंगावर आहे हे या आकड्यांवरून दिसते. तेव्हा केरळचा १.८ आणि आंध्रचा १.७ हे कागदावर शेजारी असले, तरी त्यांच्यामागची आयुष्ये एकसारखी नाहीत.

या फरकाचा राजकारणाशीही संबंध आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर १९७६ मध्ये गोठविण्यात आली, आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. ज्यांनी कुटुंब लहान केले त्यांच्याच जागांचा वाटा घटावा काय, असे दक्षिणेकडील राज्ये विचारतात. उत्तरेकडील मतदाराच्या मताचे मोल मात्र कमी का, हा उलट प्रश्नही तितकाच रास्त आहे. मला यावर सोपे उत्तर सापडलेले नाही.

वह्या तपासताना रायबाग तालुक्यातील एका विद्यार्थिनीने आपणहून जोडलेली ओळ दिसली: थोरली बहीण, लग्न सतराव्या वर्षी, मुले दोन, ऑपरेशन बाविसाव्या वर्षी. बहीण शिकत होती का, असे मी विचारले.

“दहावीला शाळेत पहिली आली होती, सर.”

येत्या सत्रात हेच काम पुन्हा देणार आहे. तक्त्यात दोन रकाने वाढविले आहेत: लग्नाच्या वेळचे वय आणि ऑपरेशनच्या वेळचे वय.