आजीसाठी कागदी सारस

प्रश्न : सासूबाई इस्पितळात आहेत. मुलांना त्यांच्यासाठी हाताने काही करायचंय. काय सुचवाल?

उत्तर : जपानमधलं ‘सेन्बाझुरू’ करा. आजारी माणूस बरा व्हावा म्हणून तिथे घरचे, मित्रमंडळी मिळून कागदाचे हजार सारस दुमडतात. किरणोत्सर्गाने ल्युकेमिया झालेल्या हिरोशिमाच्या सादाको सासाकीने १९५५मध्ये इस्पितळात असेच सारस केले होते. ७.५ सेंटिमीटरचे चौकोनी कागद घ्या. प्रत्येक घडी नखाने दाबा, म्हणजे चोच टोकदार येते. पोटाच्या भोकातून सुई घालून पाठीतून काढा. ४० सारसांची एक, अशा २५ माळा होतात. हजार झाले नाहीत तरी चालेल. दुमडताना मुलांनी आजीचं नाव मनात घ्यावं. एक माळ शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठीही करा. परक्यासाठी मागणं मुलांनी आवर्जून शिकावं.