प्रार्थनेची भाषा

प्रस्तावना

भारतात भिन्न धर्मांचे लोक शेजारी-शेजारी राहतात. शेजाऱ्याच्या सणाचा दिवस आपल्याला ठाऊक असतो, त्याच्या घरचा फराळही आपण आवडीने खातो. परंतु सण सरल्यावर उरलेल्या दिवसांत त्याची श्रद्धा त्याच्याकडून काय मागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाच्या नित्य जीवनाचा परिचय करून दिला आहे. त्याबरोबरच, माणसाने ईश्वराशी कोणत्या भाषेत बोलावे, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• सेंट मेरी महामंदिराचा इतिहास थोडक्यात सांगू शकाल;
• कॅथलिक व्यक्तीच्या दिवसाचा, आठवड्याचा व वर्षाचा क्रम स्पष्ट करू शकाल;
• प्रार्थना आणि मातृभाषा यांच्या संबंधावर स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळपाठ

१. पांढऱ्या तांदळाचे गाव

शिवाजीनगर हे नाव मराठी वाचकाला आपलेसे वाटते. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतल्यावर तेथील जहागीर शहाजीराजांकडे आली; त्यामुळे या शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. मात्र या भागाचे पूर्वीचे नाव ब्लॅकपल्ली असे होते. ‘बिळी अक्की पळ्ळी’, म्हणजे पांढऱ्या तांदळाचे गाव, या कन्नड नावाचे ते इंग्रजी वळणाचे रूप होय, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. सतराव्या शतकात जिंजीच्या परिसरातून काही तमीळ ख्रिस्ती कुटुंबे येथे आली व भातशेती करू लागली, अशी परंपरा आहे. शिवरायांच्या दक्षिण दिग्विजयामुळे आणि राजाराम महाराजांच्या वास्तव्यामुळे आपल्याला परिचित असलेली जिंजी ती हीच.

या शेतकऱ्यांसाठी आबे दुब्वा या फ्रेंच धर्मगुरूंनी १८१८ मध्ये येथे एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले. दुब्वा यांनी दक्षिण भारतात अनेक वर्षे काढली, येथील लोकांच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहिला आणि देवीच्या लसीच्या प्रसारालाही हातभार लावला. दरम्यान १८०९ मध्ये बंगळूरला इंग्रजांची छावणी स्थापन झाली. छावणीबरोबर शिपाई, कारागीर, व्यापारी व नोकरचाकर आले आणि वस्ती वाढली. जुने मंदिर अपुरे पडू लागले. तेव्हा फादर क्लाइनर यांच्या पुढाकाराने १८७५ ते १८८२ या काळात गॉथिक शैलीचे आजचे चर्च उभे राहिले. उंच मनोरा, टोकदार कमानी आणि रंगीत काचांच्या खिडक्या ही त्याची ओळख. ८ सप्टेंबर १८८२ रोजी ते भाविकांसाठी अर्पण करण्यात आले. पुढे १९७३ मध्ये पोप सहावे पॉल यांनी या चर्चला ‘बॅसिलिका’ म्हणजे महामंदिराचा दर्जा दिला. हा मान मिळविणारे कर्नाटकातील ते पहिले चर्च ठरले.

२. दिवस, आठवडा आणि वर्ष

महामंदिराच्या एका बाजूस रसेल मार्केट, दुसऱ्या बाजूस बसस्थानक. मशिदी, देवळे, भाजीचे ढीग, फुलांचे हारे आणि वाहनांची गर्दी यांच्या मधोमध येथील कॅथलिक माणूस आपला धर्म पाळतो. त्याचा दिवस क्रुसाच्या खुणेने सुरू होतो. उजव्या हाताने कपाळ, छाती व दोन्ही खांद्यांना स्पर्श करून तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेतो. ही कृती क्षणभराचीच; परंतु आजचे काम देवाच्या नावाने करावयाचे आहे, याचे स्मरण त्यात असते. सकाळी, दुपारी व सायंकाळी देवदूताच्या संदेशाची प्रार्थना म्हणण्याची प्रथा आहे. रात्री जेवणापूर्वी किंवा जेवणानंतर घरातील माणसे एकत्र बसून जपमाळ म्हणतात. आजी मणी ओढते, नातवंडे पेंगत उत्तरे देतात. धर्मशिक्षणाची पहिली शाळा ती हीच.

आठवड्याचे केंद्र म्हणजे रविवारची मिस्सा. रविवारी मिस्सेला उपस्थित राहणे हे कॅथलिक व्यक्तीचे कर्तव्य मानले जाते. मिस्सेत प्रथम बायबलमधील वाचने होतात, धर्मगुरू त्यांवर प्रवचन करतात आणि मग वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण केला जातो. अर्पणानंतर त्यांत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. म्हणूनच ख्रिस्तप्रसाद अत्यंत आदराने स्वीकारतात. त्यापूर्वी शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला शांतीची खूण द्यावयाची असते. शेजारी कोण उभा असेल, हे मात्र आपल्या हाती नसते. गंभीर पाप घडले असेल, तर धर्मगुरूंसमोर पापनिवेदन करून मगच प्रसाद घ्यावा लागतो. दुसऱ्याचे दोष सांगणे सोपे. स्वतःचा दोष स्वतःच्या तोंडाने उच्चारणे कठीण. या संस्काराचे सामर्थ्य त्या कठीणपणातच आहे.

वर्षाची रचनाही ठरलेली असते. आगमनकाळानंतर नाताळ येतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. ती राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाहार वर्ज्य करतात, वाचलेला पैसा गरजूंसाठी बाजूला ठेवतात आणि शेवटी पुनरुत्थानाचा सण साजरा करतात.

शिवाजीनगरचा सर्वांत मोठा सण मात्र सप्टेंबरात येतो. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि नऊ दिवसांची नोव्हेना सुरू होते. अनेक भाविक भगव्या रंगाची वस्त्रे परिधान करतात, पायी चालत येतात, नवस फेडतात. येथील मरियामातेच्या मूर्तीला साडी नेसवितात. ‘आरोग्यमाता’ म्हणून तिच्याकडे आजारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, परीक्षार्थी मुले येतात. त्यांत ख्रिस्तीच नव्हे, तर हिंदू व मुसलमानही असतात. शेवटच्या दिवशी मूर्तीची रथयात्रा निघते. मुंबईत वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्राही याच सणाच्या सुमारास भरते. वारीची आणि पालखीची परंपरा जाणणाऱ्या मराठी माणसाला या दोन्ही सोहळ्यांत परके असे फारसे काही आढळणार नाही.

३. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे?

अनेक शतके जगभरातील कॅथलिक मिस्सा प्रामुख्याने लॅटिन भाषेत होत असे. त्यामुळे कोणत्याही देशातील चर्चमध्ये गेले तरी उपासना तीच असे. परंतु सामान्य भाविकाला तिचा अर्थ कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांचा वापर करण्यास अनुमती दिली. वसईच्या चर्चमधून मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली, ती या निर्णयामुळेच. मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचे शब्द मात्र त्याआधीच रुजले होते. गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. त्यात १०,००० हून अधिक ओव्या आहेत. आधुनिक काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले.

वसईत मराठीचा निर्णय तुलनेने सोपा होता. बंगळूरला प्रश्न अवघड झाला. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून तिच्यावरून भांडणही नव्हते. ती बाजूला होताच प्रश्न उभा राहिला – आता तमीळ, कन्नड, इंग्लिश की कोंकणी? पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या तमीळ कुटुंबांना आईच्या भाषेतील प्रार्थना सोडवत नव्हती. राज्याच्या भाषेला चर्चमध्ये मानाचे स्थान हवे, हे कन्नड भाविकांचे म्हणणेही रास्त होते. या प्रश्नावरून शहरातील कॅथलिक समाजात अनेक वर्षे तीव्र मतभेद झाले. ज्या सुधारणेने भाविकाला वेदीजवळ आणले, तिनेच त्याला शेजाऱ्यापासून दूर नेले की काय, अशी शंका यावी!

आज सेंट मेरी महामंदिरात तमीळ, कन्नड व इंग्लिश अशा भाषांतून निरनिराळ्या वेळी मिस्सा होतात. वेदी एकच, घंटा एकच; वेळ तेवढी वेगळी. ही तडजोड व्यवहाराला पुरेशी आहे. तथापि येशूच्या उपदेशाची अपेक्षा त्याहून मोठी आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही किल्मिष असेल, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे तो सांगतो. शांतीची खूण ही त्या उपदेशाचीच नित्याची उजळणी होय. आपलीच भाषा बोलणाऱ्याला ती देणे कठीण नाही. रथयात्रेच्या दिवशी मात्र सर्व भाषांचे लोक एकाच रथामागून चालतात. त्या दिवशी जे सहज घडते, ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांत घडविणे, हीच त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी आहे. आणि ही कसोटी केवळ कॅथलिकांची नाही. अनेक भाषांच्या या देशात आपली भाषा प्राणपणाने जपणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडते.

शब्दार्थ

व्युत्पत्ती – शब्दाचे मूळ
मिस्सा – कॅथलिक समाजाची मुख्य सामुदायिक उपासना
वेदी – अर्पण करण्याची पवित्र जागा
नोव्हेना – सलग नऊ दिवसांची प्रार्थना
पापनिवेदन – धर्मगुरूंसमोर आपली पापे सांगणे
किल्मिष – मनातील अढी
समेट – भांडण मिटवून केलेला सलोखा

पाठगत प्रश्न

१. ‘ब्लॅकपल्ली’ या नावाची कोणती व्युत्पत्ती सांगितली जाते?
२. राखेच्या बुधवारी वापरली जाणारी राख कशापासून करतात?
३. योग्य पर्याय निवडा. सेंट मेरी चर्चला महामंदिराचा दर्जा (१८१८ / १८८२ / १९७३) मध्ये मिळाला.

स्वाध्याय

१. लॅटिन भाषेतील उपासनेचा एक लाभ व एक उणीव स्पष्ट करा.
२. ‘वेदी एकच, घंटा एकच, वेळ तेवढी वेगळी’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या परिसरातील अन्य धर्मीय शेजाऱ्याशी बोलून, सणाखेरीजच्या एखाद्या दिवशी तो आपला धर्म कसा पाळतो, यावर दहा ओळी लिहा.