भाताच्या पेंढ्यापासून इंधन

भाताची कापणी आटोपली की पंजाब व हरियाणातील शेतकऱ्यापुढे गव्हाच्या पेरणीची घाई उभी राहते. यंत्राने कापलेल्या भाताचा पेंढा शेतात पसरलेला असतो. तो उचलण्यास हाताशी जेमतेम काही आठवडे असतात. साहजिकच शेताला काडी लावली जाते. धुराने हवा दूषित होते आणि जमिनीला परत मिळू शकणारी पोषक द्रव्येही जळून जातात. हाच पेंढा इंधनाचा कच्चा माल म्हणून वापरण्याचा प्रयत्न हरियाणातील पानिपत येथे व्यापारी प्रमाणावर करण्यात आला आहे.

इंडियन ऑइल कॉर्पोरेशनच्या या प्रकल्पाचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्यावर नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे सुमारे दीडशे लिटर, अशी त्याची आखणी आहे. यासाठीचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने पुरविले आहे.

साखर मोकळी करण्याची प्रक्रिया

उसाच्या मळीत साखर तयारच असते. यीस्टने ती आंबविली की मद्यार्क मिळतो. पेंढ्यातील साखर मात्र सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्या लांब साखळ्यांत गुंतलेली आणि लिग्निन या चिवट पदार्थाने वेढलेली असते. म्हणून बारीक केलेला पेंढा साधारणतः सौम्य आम्ल व वाफ यांच्या साहाय्याने प्रथम सैल करतात. त्यानंतर विकरे, म्हणजेच एन्झाइम, या साखळ्या तोडतात. पुढे आंबवण व ऊर्ध्वपातन होते. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ निर्माण करता येते.

खरी कसोटी

प्रक्रिया सिद्ध झाली म्हणून कारखाना किफायतशीर ठरतोच असे नाही. पेंढा वजनाने हलका, पण जागा फार व्यापणारा. त्यामुळे वाहतूक महाग पडते. तो मिळतो काही आठवडे, पण कारखान्यास लागतो वर्षभर. साठा पाऊस व आग यांपासून जपावा लागतो. रुमानियातील पोदारी येथे काडापासून इथेनॉल बनविणारा क्लॅरियंट कंपनीचा मोठा कारखाना बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला, हे उदाहरण विसरता येणार नाही.

महाराष्ट्रात पऱ्हाटी, तुराट्या व उसाचे पाचट उपलब्ध आहे. तथापि शेतातील प्रत्येक अवशेष टाकाऊ नसतो. कडबा जनावरांचा आहार आहे, पाचट जमिनीचा ओलावा राखते, तुराट्यांवर अनेक घरची चूल पेटते आणि उसाचा चोथा साखर कारखान्यांच्या बॉयलरला लागतो. म्हणून चारा, जमीन व चूल यांची गरज भागल्यावर गावात नेमके काय उरते, याची मोजदाद प्रथम व्हावयास हवी. ग्रामपंचायती व कृषी कर्मचारी यांनी ती केल्यास अशा योजनांना भक्कम पाया लाभेल. उरलेल्या काडास वाजवी भाव मिळाला, तर शेतकरी त्याला काडी लावणार नाही.