सर्वांत हळू जाणारी मोटारसायकल

गणेशोत्सवात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात सावकाश सायकल चालवण्याची स्पर्धा तुम्ही पाहिली असेल. जो सर्वांत शेवटी पोहोचतो तो जिंकतो. मात्र मध्येच पाय टेकला की तो बाद. एरवी सायकल भन्नाट मारणारे भलेभले गडी येथे दहा-बारा मीटरांत पाय टेकतात. आता ही स्पर्धा मोटारसायकलवर, तीही खडकाळ ओढ्यात आणि उभ्या चढणीवर घेतली तर? असा एक खेळ खरोखरच आहे. त्याला 'ट्रायल' म्हणतात.

या खेळात कोण आधी पोहोचला याला फारसे महत्त्व नाही. अवघड जागी फिती बांधून छोटे छोटे टप्पे आखलेले असतात. टप्प्यात एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, आणि त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा फितीबाहेर गेली तर पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजयी. स्कॉटलंडमधील सहा दिवसांच्या प्रसिद्ध ट्रायलचा इतिहास १९०९ पर्यंत मागे जातो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ पासून होते.

हा खेळ आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे, पण त्यातली एक गाडी मात्र आपल्या चांगल्या ओळखीची आहे. १९४८ साली इंग्लंडमधील कोलमोर चषक ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्ड कंपनीने नव्या धर्तीच्या बुलेट गाड्या उतरवल्या. त्या काळी बहुतेक ट्रायल गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला ताठ जोडलेले असे. या बुलेटचे मागचे चाक स्प्रिंगांच्या आधारे वरखाली होई. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची ट्रायल एनफिल्ड गाडीवर जिंकली. १९५५ पासून बुलेट मद्रासला तयार होऊ लागली आणि लष्कर, पोलीस, मग बागायतदार अशी खेडोपाडी पोहोचली. त्या जुन्या विजयांच्या आठवणीत कंपनीने २०१९ साली 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी भारतात विकायला आणली होती, पण ती फार काळ टिकली नाही.

आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन गेलेला चिखलीकडचा एक विद्यार्थी आता शेतीपंप दुरुस्त करतो. कोणाच्या तरी गोठ्यात कडब्याआड पडलेली जुनी ३५० सीसी बुलेट त्याने विकत घेतली. कार्ब्युरेटरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या. ट्रायलची चित्रफीत पाहून त्याच्या डोक्यात हा खेळ शिरला होता. मिस्त्रीने त्याला सल्ला दिला : "फ्लायव्हील लेथवर घासून हलके करू, गाडी झटकन उचलेल." कापलेले लोखंड काही परत चिकटत नाही, म्हणून लेथवर जाण्याआधी तो मला विचारायला आला.

"सर, गाडी माणसाच्या चालीने चालवायची आहे, पण जोर जायला नको."

"मग लेथवाल्याला आधी थांबव," मी म्हणालो.

असे का, ते आता पाहू.

बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ९ सेंटिमीटर. वृत्तचितीचे सूत्र वापरून घनफळ काढा. ते ३४६ घन सेंटिमीटर येईल. हे चार धावांचे इंजिन आहे, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. मिनिटाला १००० फेऱ्या होत असतील तर ५०० स्फोट, सेकंदाला साधारण आठ. याहून फार कमी फेऱ्यांवर इंजिन धडपणे चालत नाही.

आता पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या १४ फेऱ्यांना मागच्या चाकाची एक फेरी होते, आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे असे धरू. १००० ला १४ ने भागले की चाकाच्या मिनिटाला ७१ फेऱ्या, म्हणजे १४३ मीटर, म्हणजेच ताशी ८.६ किलोमीटर. सडकेवर हा वेग कासवाचा वाटेल. धोंड्यांत तो फार झाला. माणूस तर ताशी पाचच्या आसपास चालतो. क्लच अर्धवट दाबून वेग कमी करता येतो, पण सतत तसे केल्यास प्लेटा जळतात. खरा उपाय दातेरी चक्रांत आहे. पुढचे चक्र १७ दात्यांचे आणि मागचे ३८ दात्यांचे होते. त्याने पुढे १४ दात्यांचे बसवले आणि मागे ४६ दात्यांचे मुद्दाम करून घेतले. गुणोत्तर २.२४ वरून ३.२९ झाले. आता १४ ऐवजी साडेवीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि वेग ताशी ५.९ किलोमीटरवर येतो. दर स्फोटाला गाडी जेमतेम २० सेंटिमीटर सरकते. शिवाय चाकाला मिळणारा टॉर्क जवळजवळ दीडपट झाला. इंजिनला हातही न लावता! तरफेचा नियम तुम्ही शिकला आहात. हा तोच नियम, फक्त गोल करून ठेवलेला.

पण खरी गंमत फ्लायव्हीलची आहे. फ्लायव्हील म्हणजे गतिपालक चक्र. स्फोट एकाच धावेत होतो. उरलेल्या तीन धावा हे जड चक्र आपल्या साठवलेल्या ऊर्जेवर पार पाडते. ती ऊर्जा किती? चक्राचे वस्तुमान ८ किलो आणि त्रिज्या १० सेंटिमीटर धरू. भरीव चकतीचे जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले दोन, ते ०.०४ आले. १००० फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला सुमारे १०५ रेडियन. जडत्वाचे निम्मे गुणिले कोनीय वेगाचा वर्ग हे सूत्र लावले की २२० ज्यूल.

आता गाडी १५० किलो आणि स्वार ६५ किलो, मिळून २१५ किलो. हे सारे १० सेंटिमीटर उंचीच्या धोंड्यावर चढवायचे तर २१५ × ९.८ × ०.१, म्हणजे सुमारे २११ ज्यूल लागतात. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले! अर्थात चक्राने सगळी ऊर्जा देऊन टाकली तर इंजिन बंदच पडेल. म्हणून कसलेला स्वार धोंड्याच्या आधी क्लच दाबून इंजिन २००० फेऱ्यांवर नेतो आणि मग क्लच सोडतो. फेऱ्या दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट : ८८० ज्यूल. फेऱ्या पुन्हा १००० वर येईपर्यंत त्यातले ६६० ज्यूल मोकळे होतात. तेवढ्यात हेच २१५ किलो ३१ सेंटिमीटर वर जाते. चक्र घासून निम्म्या वजनाचे केले असते, तर ही ठेवही निम्मी झाली असती. हलके चक्र झटकन वेग घेते हे मिस्त्रीचे म्हणणे खोटे नाही. शर्यतीच्या गाडीला तो सल्ला योग्यच ठरेल. पण जे चक्र झटकन वेग घेते ते झटकन थांबतेही.

टायरच्या बाबतीत वर्गात नेहमी एक शंका निघते. घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असे पुस्तक सांगते. मग ट्रायलवाले टायरमधली हवा का कमी करतात? मागच्या चाकावर १२० किलो भार आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल तर टायर सुमारे ६० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो, दाब ०.७ केला तर सुमारे १७० वर. (टायरच्या भिंतीही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी.) पुस्तकातला नियम लाकूड, लोखंड अशा कठीण पृष्ठांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मात्र धोंड्याच्या खाचाखोचांत शिरून त्यांना धरते, आणि तेथे हा साधा नियम अपुरा पडतो. हलक्या, खास ट्रायलच्या गाड्या याहूनही कितीतरी कमी दाबावर चालवतात. जड बुलेटवर ते जमत नाही. टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. आणि असे मऊ टायर घेऊन सडकेवर मुळीच जाऊ नये.

तोल हा वेगळाच विषय आहे. फिरत्या चाकांमुळे दुचाकी उभी राहते असे सर्रास सांगितले जाते. डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सायकलला उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम पुसून टाकला, तरी ती चालवता आली. त्याचा लेख १९७० सालचा आहे. चालण्याच्या वेगाला तर चाकांच्या फिरण्याचा आधार नगण्यच. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवून आपण चाके पुन्हा गुरुत्वमध्याखाली आणतो, हे मुख्य.

ट्रायलचा स्वार उभा राहतो त्याचे कारणही नीट समजून घ्या. उभे राहिल्याने वजन पायरेटीवर येते आणि गुरुत्वमध्य खाली जातो, असे अनेकजण सांगतात. ते चूक आहे. माणूस उभा राहिला की एकूण गुरुत्वमध्य वरच जातो. फायदा दुसरा आहे. बसलेला स्वार आणि गाडी हे एकच शरीर होते. उभा राहिला की दोन. गाडी डावीकडे कलली तर तो अंग उजवीकडे नेऊन तोल सावरतो. डोंबारी दोरावर काठी हलवतो, तसेच.

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. मलकापूरकडून येणारा राजूर घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टच्या धोंड्यांची कल्पना असेल. उन्हाळ्यात कोरडा पडलेला शिवारातला कोणताही नाला हे तयार मैदानच. ज्ञानगंगा अभयारण्य आणि लोणारचे विवर या जागा मात्र या खेळासाठी नाहीत. आमच्या या गड्याने स्वतःच्या शेतातल्या नाल्यात सहा टप्पे आखले. हेल्मेट आणि गुडघ्याला जाड पट्टे बांधून पहिल्या दिवशी उतरला तेव्हा ३० पैकी २७ दंडगुण. दोन महिन्यांनी ११. आजच्या ट्रायल गाड्या सत्तर किलोंच्या आसपास असतात. त्याची गाडी दुपटीहून जड, त्यामुळे हा आकडा मला तरी कमी वाटत नाही.

सहाव्या टप्प्यातली ४० सेंटिमीटरची दगडी पायरी अजून त्याला दाद देत नाही. पुढचे चाक चढते, मागचे अडते आणि इंजिन बंद पडते. वरचेच आकडे घेऊन, आणि त्या क्षणी इंजिन स्वतः काहीच भर घालत नाही असे धरून, क्लच सोडताना किती फेऱ्या हव्यात ते काढा. शेवटी १००० फेऱ्या शिल्लक राहिल्या पाहिजेत. उत्तर २२०० च्या जवळपास येईल.