म्हशीचा गाभ आणि ध्वनीची परीक्षा

म्हैस फळविल्यानंतर तिनें २१ व्या दिवसाच्या सुमारास पुन्हां माज दाखविला नाहीं म्हणजे ती गाभण राहिली, असें आपण सर्रास धरून चालतों. गाईच्या बाबतींत हा अजमास पुष्कळदां खरा ठरतो. म्हैस मात्र फसविते. तिचा माज, विशेषेंकरून उन्हाळ्यांत, मुका असतो. आमच्याच गोठ्यांतील एक म्हैस आम्हीं तीन महिने गाभण समजून पोसली आणि शेवटीं हात घालून पाहतां पिशवी रिकामी निघाली. वैरण गेली तिचें एक असो. पण चार माज फुकट गेले व पुढलें वेत तितकेंच लांबलें.

हा उलगडा आतां श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्रानें, ज्याच्या तपासणीस लोक सोनोग्राफी म्हणतात, सुमारें ३० व्या दिवशींच होऊं शकतो. त्याची रीत वाचकांनीं समजून घेण्याजोगी आहे.

विहिरींत डोकावून हांक मारली असतां ती पाण्यावर आपटून परत येते. तिला जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजतां आला, तर पाणी किती खोल आहे हें दोर न सोडतां सांगतां येईल. यंत्र हेंच करितें. मनुष्याच्या कानास सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडील आवाज ऐकूं येत नाहीं. गाईम्हशींच्या गर्भपरीक्षेंत वापरावयाचा ध्वनि बहुधा ५० ते ७५ लाख कंपनांचा असतो. कंपनें जितकीं अधिक तितकें चित्र बारीक उमटतें, परंतु ध्वनि फार खोल पोंचत नाहीं. म्हणूनच पशुवैद्य यंत्राचें टोंक मुठींत धरून गुदद्वारावाटें गर्भाशयाच्या अगदीं जवळ नेतो.

त्या टोंकांत असे तुकडे बसविलेले असतात कीं, वीज दिली असतां ते थरथरतात आणि परतलेल्या ध्वनीचा दाब पडला असतां स्वतः वीज उत्पन्न करितात. दाबानें वीज निघण्याचा हा स्फटिकांचा गुण पिएर व झाक क्यूरी या फ्रेंच बंधूंनीं १८८० सालीं दाखविला. एकच तुकडा आधीं तोंड होतो व मग कान.

शरीराच्या मऊ भागांतून ध्वनि सेकंदाला सुमारें १,५४० मीटर जातो. तेव्हां सेकंदाचे दहा लाख भाग कल्पिले, तर १ सेंटिमीटर खोलीवरून परतावयास त्यास १३ भाग लागतात. या वेळेवरून प्रत्येक प्रतिध्वनीची जागा ठरते. त्याच्या जोरावरून पडद्यावरील ठिपका उजळ कीं मंद तें ठरतें. निर्मळ पाण्यांतून प्रतिध्वनि येत नाहीं, म्हणून गर्भाभोंवतालचें पाणी काळें दिसतें व त्यांत गर्भ करडा. त्याच्या हृदयाची फडफड दिसली म्हणजे तो जिवंत असल्याविषयीं शंका उरत नाहीं.

हवा मात्र या ध्वनीची वैरीण होय. तिच्यावरून तो जवळजवळ सगळा मागें फिरतो. याकरितां पशुवैद्य प्रथम शेण काढून टाकतो व टोंकास बुळबुळीत लेप लावतो. त्यास घाई करूं नये.

३० व्या दिवशीं दिसलेला गर्भ पुढें जिरण्याचा संभव असतो, म्हणून दोन महिन्यांनंतर पुन्हां एकदां तपासून घ्यावें. म्हैस रिकामी निघाली, तर त्याच वेळीं कारण विचारून उपचार सुरू करावा. आणि फळविल्याची तारीख वहींत लिहिलेली असावी. ती ठाऊक नसेल तर परीक्षेचा योग्य दिवस पशुवैद्यासही सांगतां यावयाचा नाहीं.