काचेचं भांडं शेगडीवर चढवण्याआधी

गिरगाव, मुंबई

चि. सायली हिस,


लालबागच्या नव्या घरात ओट्यावर सिरॅमिकची शेगडी बसवली आहे आणि तिच्यावर काचेच्या भांड्यात स्वयंपाक करायचं तुझ्या मनात आहे, असं तुझ्या आईने सांगितलं. जरूर कर. कोकमाचं सार, चिंचेची आमटी काचेत कळकत नाही आणि काचेला कल्हईही लागत नाही. पण परळच्या शाळेत मी जन्मभर मुलांच्या हाती चंचुपात्रं दिली, त्या अधिकाराने चार गोष्टी सांगते. त्या मनावर घे.

सगळ्याचं मूळ एकच आहे. काच पुष्कळ उष्णता सोसते. तिला सोसत नाही ते दोन भागांच्या तापमानातलं अंतर. बूड तापून प्रसरण पावतं, काठ थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत जिथे बारीकसा चरा असेल तिथून तडा जातो. स्टीलच्या पातेल्याचं बूड जाड असलं की आपण निर्धास्त होतो. काचेच्या बाबतीत ही समजूत सोडून दे. काचेतून उष्णता फार हळू सरकते. त्यामुळे बूड जितकं जाड, तितकं त्याच्या खालच्या आणि वरच्या बाजूतलं अंतर मोठं. प्रयोगशाळेतलं चंचुपात्र पातळ असतं ते याचसाठी.

काच कोणती, हेही बघ. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने रेल्वेच्या दिव्यांसाठी अशी काच बनवली, कारण आत ज्योत आणि बाहेर पाऊस-बर्फ अशात साध्या काचा तडकत. त्यातूनच १९१५ साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. आपल्याकडे बोरोसिल सुरू झाली ती १९६२ साली, मुंबईतच. पण ओव्हनसाठी केलेलं भांडं, मग ते बोरोसिलिकेटचं का असेना, शेगडीवर ठेवू नकोस. ओव्हनमध्ये त्याला चहूकडून ऊब मिळते, शेगडीवर फक्त बुडाला चटका बसतो. ‘शेगडीवर चालेल’ असं बुडावर किंवा खोक्यावर स्पष्ट छापलेलं असेल, तेच भांडं घे. त्याचं बूड सपाट हवं.

शेगडीची काच मात्र वेगळ्या जातीची असते. १९५३ साली कॉर्निंगमधल्या डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० अंशांवर थांबायची ती ९०० पर्यंत चढली. आतला तुकडा काढताना चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला, तरी फुटला नाही. काचेत सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. आज शेगड्यांवर बसवतात ती काच याच कुळातली. ती जवळजवळ प्रसरणच पावत नाही, म्हणून एका जागी लाल होऊनही वीतभर अंतरावर ती गार राहू शकते. तेव्हा शेगडी सोसते म्हणून भांडंही सोसेल, असं धरून चालू नकोस. आणि तुझी शेगडी इंडक्शनची असेल तर काचेचं भांडं तिच्यावर तापणारच नाही. हे आधी विचारून घे.

आता वापरायचं कसं ते. भांडं बाहेरून कोरडं पूस, आत पाणी किंवा सार घाल, मगच शेगडी लाव. बटण मंदावर ठेवलंस तरी आतली तार पूर्ण लाल होते आणि विझते, पुन्हा लाल होते. गॅसच्या मंद आचेसारखी ती सतत मंद नसते. म्हणून रिकामं भांडं क्षणभरसुद्धा ठेवायचं नाही. प्रयोगशाळेत आम्ही तिवईवर तारेची जाळी ठेवून आच पसरवायचो. तो उपाय इथे करू नकोस, शेगडीच्या काचेवर चरे पडतील. दूध तापवायला काच घेऊ नकोस. उष्णता पसरत नसल्याने तापलेल्या जागी ते हमखास करपतं. फोडणी तर काचेत कधीच नाही. कोरड्या तापल्या बुडावर गार पाणी पडलं की भांडं गेलंच समज. फोडणी लोखंडी कढल्यात कर आणि गरम सारावर मधोमध ओत, कडेला नको.

उतरवताना सांडशी लावू नकोस. काठाचा टवका उडाला की पुढचा तडा तिथूनच जातो. दोन्ही हातांत जाड फडकी घे. आणि आपल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, त्यातून पावसाळ्यात तो ओला असताना, गरम काच टेकवणं म्हणजे ती फोडणंच. लाकडी पाटावर किंवा कोरड्या फडक्याच्या घडीवर ठेव. पूर्ण निवल्यावरच भिजत घाल, तारेची घासणी लावू नकोस. काठावर चरा किंवा टवका दिसला तर जीव न अडकवता भांडं टाकून दे. उकळतं सार अंगावर येण्यापेक्षा भांड्याचा खर्च केव्हाही परवडला.

गणपतीत मोदकांचं सारण कढईतच कर. गुळाचा पाक शेगडीवर सांडून निवला, तर त्याचा पोपडा काढताना शेगडीची काचही निघून येते. सांडलाच तर शेगडी बंद करून, हात जपून, गरम असतानाच खास खरवडणीने काढ.

भांडं आणलंस की बुडावर काय छापलंय ते मला फोनवर वाचून दाखव. मगच पहिलं सार चढव.

तुझी,
आत्या