हिरव्या त्रिकोणाचा भरवसा

प्रश्न : कृषी सेवा केंद्रात फवारणीचं औषध घेताना दुकानदार म्हणाला, "हिरव्या त्रिकोणाचं आहे, घाबरू नका." डब्यावरच्या त्रिकोणाचे हे रंग कशावरून ठरतात? हिरवा म्हणजे निर्धोक का?

उत्तर : निर्धोक नाही. बाकीच्या तीन रंगांपेक्षा कमी जहाल, एवढाच त्याचा अर्थ.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेलं गव्हाचं पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. हे रंग त्या नियमांतले. प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावं लागतं, ते बघतात. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीतून भिनणाऱ्या विषाची मोजणी वेगळी असते. लालवर कवटी आणि हाडंही छापलेली असतात.

पण ही मोजणी एका मात्रेची. शेतात माणूस सकाळपासून पंप पाठीवर घेऊन फिरतो, पंप गळतो, वारा फिरतो, अंगावरचा सदरा भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यातलं काहीच त्रिकोणात दिसत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळात पुरुषभर उंच कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. पॅराक्वाट हे तणनाशक तर लाल गटातही बसत नाही, तरी पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. कायद्याने इशारा डब्यावर छापला, पण डबा राहतो मालकाच्या घरी. औषध कालवून पंपात भरून मिळतं, आणि रोजाने फवारणाऱ्या मजुराला तो त्रिकोण दिसतही नाही. विषाशी सगळ्यात जवळून गाठ त्याचीच. म्हणून रंगाच्या भरवशावर फवारणीचे नियम सोडून चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही मजूर लावत असाल तर डबा आधी त्यांना दाखवा आणि आतलं माहितीपत्रक वाचून दाखवा. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे तुम्हीच द्या. कुणाला गरगरलं, मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर फवारणी तिथेच थांबवा, कपडे बदलून अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या. कोणतं विष आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.